न खुडलेलं पान

सिंगापूरला कामावर रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात कात्री आली. २०११ ची गोष्ट. समोर माठाची चाळीस रोपं होती. इथे माठाला बायाम म्हणतात आणि मंडईत त्याच्या जुड्या आपल्यासारख्याच ढिगानं लागलेल्या असतात. एकेक रोप मातीलगत कापायचं, पानं देठापासून सोडवायची, पुसून कोरडी करायची आणि पर्णक्षेत्र मोजायच्या यंत्राच्या पट्ट्यावर सुरकुती न पडू देता पसरायची. पट्टा सरकतो, पान कॅमेऱ्याखालून जातं, पडद्यावर चौरस सेंटिमीटरचा आकडा चढत जातो. दुपारपर्यंत वहीत चाळीस आकडे आणि टोपलीत चाळीस रोपांचा पाला. पाच दिवसांनी पुढची चाळीस रोपं. महिनाअखेरीस त्या आकड्यांतून एक चढती रेघ काढली आणि तिच्यावर लिहिलं, ‘रोपाची वाढ’.

त्या रेघेकडे बघत मी बराच वेळ बसले होते. त्यात कुठल्याच एका रोपाची वाढ नव्हती. पाचव्या दिवशी मोजलेलं रोप दहाव्या दिवशी जिवंत नव्हतं, दहाव्या दिवसाचं पंधराव्या दिवशी नव्हतं. वेगवेगळ्या मेलेल्या रोपांची माळ ओवून आम्ही तिला वाढ म्हणत होतो. एखादं रोप आठवडाभर अडलं असेल आणि मग झपाट्यानं सावरलं असेल, तर ते सरासरीत विरघळून जायचं. यात कोणाची चूक नव्हती, सगळीकडे असंच मोजत. पण मला ते खुपलं, आणि खुपण्याचं कारण सिंगापुरात नव्हतं, घरी होतं.

माझं माहेर मिरज तालुक्याच्या पूर्व भागातलं, पानमळ्याचं. आमच्या पट्ट्यात बेडग, आरग, नरवाड ही गावं विड्याच्या पानावर जगत आली. शेवरी-शेवग्याच्या आधारानं चढवलेले कपुरीचे वेल, मळ्यात शिरलं की वैशाखातही अंगाला गारवा लागायचा. आप्पा अंगठ्यावर लोखंडी नख चढवून पान खुडायचे. पान देठासकट हातात यायचं आणि वेलाला ओरखडासुद्धा नसायचा. शेंड्याला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. आज किती पान निघालं यापेक्षा पुढच्या खुडणीला हाच वेल किती देईल याकडे त्यांचं लक्ष. बाजारात पान आकारावर विकलं जातं. कळी वेगळी, फापडा वेगळा. ते निवडायला आप्पांना पट्टी लागत नसे. बोटांत पान आलं की हात आपोआप त्या त्या ढिगाकडे जायचा. अशा घरातून आलेल्या मुलीला मोजण्यासाठी रोप मुळासकट संपवणं पचायला जड गेलं.

पान एवढं मोजायचं कशाला, असं नातेवाईक अजून विचारतात. पान ही झाडाची चूल आहे आणि घाम गाळणारी कातडीही. किती उजेड धरला जाईल, किती पाणी उडून जाईल, फवारलेलं औषध किती अंगाला लागेल, हे सगळं पानाच्या पसाऱ्यावर ठरतं. डी. जे. वॉटसन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९४७ साली पर्णक्षेत्र निर्देशांक मांडला. एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पान उभं आहे, एवढाच तो हिशेब, आणि पानाची एकच बाजू धरायची. त्याच्याही आधी, १९११ साली, माँटगोमेरीनं मक्याच्या पानासाठी सूत्र दिलं होतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.७५. मक्याला ते आजही चालतं. पण साठ पानांचं झुपकेदार बायाम पुढ्यात आलं की पट्टी घेऊन किती पानं धरणार, आणि धरताना किती मोडणार?

वरून फोटो काढून हिरवा भाग मोजायचा, हा सोपा उपाय आम्ही आधी करून पाहिला. पण साठ अंशांत कललेलं पान वरून निम्मंच दिसतं. रोप तहानलं, पानं लोंबली की फोटोतला आकडा घटतो. पान मात्र तेवढंच असतं. त्यामुळे खोली हवी, तिसरी मिती हवी. त्या सुमाराला टीव्हीसमोर हातवारे करून खेळायचा किनेक्ट नुकताच, २०१० च्या नोव्हेंबरात, बाजारात आला होता. स्वस्तात खोली मोजणारा कॅमेरा म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी तो उचलला, आम्हीही उचलला. खोलीत ठीक चाले. उन्हात नेला की त्याचा अवरक्त प्रकाश उन्हात हरवून जाई आणि पानाच्या कडा तर कुरतडल्यासारख्या दिसत. वर्षभरात तो कपाटात गेला.

मग साध्या कॅमेऱ्याकडे वळलो. एका रोपाचे सगळ्या बाजूंनी साठ-सत्तर फोटो काढायचे. संगणक प्रत्येक फोटोत खुणा हेरतो. शिरेचा फाटा, किडीनं पाडलेलं भोक, कडेचा डाग. तीच खूण दुसऱ्या फोटोत कुठे सरकली ते पाहून कॅमेरा कुठे होता आणि पान किती लांब होतं, हे दोन्ही तो काढतो. अशा लाखो खुणा जमल्या की पडद्यावर ठिपक्यांचं रोप तरंगू लागतं. त्याला आम्ही पॉइंट क्लाउड म्हणतो. शेजारचे तीन-तीन ठिपके जोडत गेलं की त्रिकोणांची जाळी तयार होते. प्रत्येक त्रिकोणाचं क्षेत्रफळ शाळेतल्या गणितानं निघतं आणि बेरीज केली की पानाचं पृष्ठफळ हाती येतं. फक्त फोटोंना आकार कळतो, मोठेपणा कळत नाही. बोटाएवढं रोप आणि वडाएवढं झाड त्यांना सारखंच. म्हणून शेजारी माहीत असलेल्या लांबीची वस्तू ठेवावी लागते. ती विसरली तर दिवसभराची मेहनत बिनमापाची.

कागदावर हे सरळ आहे. सिंगापूरच्या हवेत ते सरळ राहत नाही. हे बेट विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर. बाराही महिने दमटपणा. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा बाहेर नेला की काचेवर वाफ धरते, पुसली की पुन्हा धरते. त्यामुळे पहाटे आल्या आल्या कॅमेरे काचघरात नेऊन ठेवायचे आणि ते हवेएवढे कोमट होईपर्यंत वाट पाहायची, ही आमची पहिली शिस्त झाली. रोप फिरत्या पाटावर ठेवून फोटो काढायचो, तर पाट थांबला तरी पानं हलत राहायची. मग रोप जागेवर ठेवून कॅमेराच भोवती फिरवू लागलो. बंदिस्त शेतांत तांबड्या-निळ्या दिव्यांचा गुलाबी उजेड असतो. त्या उजेडात हिरवं पान काळं ठिक्कर दिसतं आणि शिरा नाहीशा होतात. फोटोपुरते पांढरे दिवे लावायची परवानगी मागितली, तर शेतवाल्यांचा जीव खालीवर. दिव्यांचं वेळापत्रक हेच त्यांचं गुपित. शेवटी दिवसातून काही मिनिटं मिळाली. सगळ्यात अवघड गेली ती काईलान. कोबीच्या कुळातली ही भाजी, पानावर मेणाचा थर. दिव्याची चमक पानावर पडली की संगणक त्या चमकेलाच खूण समजतो, आणि कॅमेरा सरकला की चमकही सरकते. दिव्यांवर पांढरं कापड ताणून उजेड मवाळ केला तेव्हा कुठे पान सापडू लागलं.

आता एक चूक सांगते. ती माझी होती.

एका शेतासाठी आम्ही दोन प्रकारच्या उजेडातली भाजी मोजत होतो. एका कप्प्यात झगझगीत उजेड, दुसऱ्यात मंद. तीन आठवडे रोज मोजणी. निकाल आला की मंद उजेडातल्या रोपांचं पान जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं जास्त. कारण तर आधीच तयार होतं. सावलीतलं झाड पान पातळ आणि रुंद करतं, हे प्रत्येक वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अहवाल लिहून झाला. पाठवायच्या आदल्या संध्याकाळी मी सहज, कसलाही संशय नसताना, मंद कप्प्यातल्या एका पानाची जाळी मोठी करून पाहिली. पान सपाट नव्हतं. वाळलेल्या चिखलासारखं खडबडीत होतं. हात लावला तर खरं पान गुळगुळीत.

रात्रभर बसून उलगडलं. मंद उजेडात कॅमेऱ्याच्या फोटोत दाणे येतात. दाण्यांमुळे ठिपके थोडे वर, थोडे खाली पडतात. त्यांच्यातून काढलेला पृष्ठभाग चुरगळतो, आणि चुरगळलेल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ सपाटापेक्षा नेहमीच जास्त भरतं. गोंधळ जितका जास्त तितकं पान मोठं! गुळगुळीत करायला गेलं तर उलटा धोका. खऱ्या सुरकुत्याही पुसल्या जातात आणि पान लहान होतं. आमचा तो पाचवा हिस्सा बराचसा कॅमेऱ्याचा होता, रोपाचा थोडाच. चुकीचं उत्तर पुस्तकातल्या बरोबर कारणात इतकं चपखल बसलं होतं की कोणाला तपासावंसं वाटलं नाही. मलाही नाही. सकाळी वरिष्ठांना सांगायला गेले तेव्हा पाय जड झाले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी अहवाल परत घेतला आणि एवढंच विचारलं, ‘आता पुन्हा असं झालं तर तुला आधी कसं कळेल?’

त्या प्रश्नातून आमचं खोटं पान जन्माला आलं. क्षेत्रफळ आधीच पक्कं माहीत असलेलं पान करायचं आणि खऱ्या रोपांत उभं करायचं. पहिलं कागदाचं केलं, पण दमट हवेत कागद दोन दिवसांत फुगला, वळला. मग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं कापलं, त्याला चमक नसलेला हिरवा रंग दिला, वर बारीक काळे ठिपके मारले म्हणजे खुणा सापडतील. त्याला तारेचा देठ लावला आणि मुद्दाम थोडं वाकवलं, कारण खरं पान कधी सपाट नसतं. प्रत्येक कप्प्यात एक. रोज आधी त्याचं माप बघायचं. ते बरोबर आलं तरच बाकीच्या पानांवर विश्वास. आजवर शेकडो प्रयोगांत ही पत्र्याची पानं गेली आहेत. एक माझ्या टेबलावर आहे, रंग उडालेलं.

एक गोष्ट मात्र लोकांना सांगताना मी आवाज खाली घेते. न तोडता मोजण्याची पद्धत खरी आहे की नाही हे ठरवायला आधी तोडावंच लागतं. स्कॅन करायचं, लगेच तेच रोप कापायचं, पानन्‌पान पट्ट्यावर घालायचं आणि दोन आकडे शेजारी मांडायचे. दर नव्या पिकाला हे पुन्हा करावं लागतं, कारण बायामवर पक्की झालेली रीत काईलानवर चालेलच असं नाही. माझ्या हातून या कामी जेवढी रोपं कापली गेली असतील तेवढी त्या पहिल्या कात्रीनं खचितच कापली नसतील. कापलेल्या रोपांच्या याद्या मी जपून ठेवल्या आहेत. कुठल्याही अहवालात ‘विनाइजा’ हा शब्द लिहिताना त्या आधी काढून बघते.

पण त्याच्या बदल्यात काय मिळालं, तेही सांगायला हवं. सतरा क्रमांकाचं एक बायाम होतं. ते प्रयोगानंतर काढून टाकायचं राहून गेलं आणि मीच म्हटलं, राहू दे. उगवल्यापासून रोज सकाळी साडेआठला त्याचं स्कॅन व्हायचं. ते फुलोऱ्यावर आलं, तुरा धरला, खालची पानं पिवळी पडून गळू लागली आणि पर्णक्षेत्राची रेघ पहिल्यांदाच खाली वळली. इतक्या वर्षांत ही खाली येणारी रेघ मी पाहिली नव्हती, कारण तिथवर पोचण्याआधीच आम्ही रोप कापत होतो. आणखी एक दिसलं. चौदाव्या दिवशी पंपात बिघाड झाला होता आणि रोपांना अर्धा दिवस पाणी मिळालं नव्हतं. त्यानंतर तीन दिवस सतरा नंबरनं नवं पान जवळपास वाढवलंच नाही, मग एकदम दोन पानं काढली. सरासरीच्या रेघेत हे कधी आलं नसतं. बी धरल्यावर मी तुरा कागदावर झटकला. मोहरीहूनही बारीक, काळं, चकचकीत बी. पुडी अजून आहे.

झाडांकडे आम्ही नंतर वळलो. शहराला झाडांची मोजणी हवी होती. चांगी विमानतळावरून शहरात येताना दुतर्फा कमान धरणारे पर्जन्यवृक्ष सगळ्यांनी पाहिलेले असतात. मुंबईतही हेच झाड आहे. मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, सिंगापुरात १८७६ साली आलं. अशा झाडाची पानं कोण तोडून मोजणार? तिथे लेझर स्कॅनर लागतो. तिकाटण्यावर उभा राहून तो प्रकाशाचे लाखो ठोके सोडतो आणि परत येणाऱ्या ठोक्याच्या वेळेवरून अंतर काढतो. थंड देशांत एक सोय आहे. हिवाळ्यात निष्पर्ण झाड स्कॅन करायचं, उन्हाळ्यात पानांसकट, आणि फांद्या वजा करायच्या. इथे हिवाळाच नाही. पान कुठलं नि फांदी कुठली हे एकाच स्कॅनमधून वेगळं काढावं लागतं.

एका पर्जन्यवृक्षावर आम्ही अख्खा दिवस घालवला. दुपारी दोनला पूर्वेची बाजू, मग पावसाची सर आली म्हणून थांबलो, आणि पश्चिमेची बाजू लावायला सहा वाजून गेले. बागेतले एक वयस्क मलय काका, त्यांना आम्ही पाकचिक म्हणत असू, पालापाचोळा गोळा करत होते. ते थांबून म्हणाले, ‘आता कशाला मोजतेस पोरी, झाड झोपायला निघालं.’ वर पाहिलं तर खरंच पानं मिटत होती. चिंचेसारखीच ही पर्णिकांची पानं, संध्याकाळी आणि दाटून आलं की जोडीजोडीनं मिटतात. मलयमध्ये या झाडाला ‘पुकुल लिमा’ म्हणतात, म्हणजे पाच वाजता. पाच का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाव जुनं आहे, घड्याळ नवं आहे. नंतर पाहिलं तर बरोबर होतं. सिंगापूरनं घड्याळ एकदा नाही, अनेकदा पुढे सरकवलं. शेवटचा अर्धा तास १९८२ च्या १ जानेवारीला. झाड सूर्याचंच ऐकत राहिलं.

दुपारची बाजू आणि संध्याकाळची बाजू जुळेना. एकीकडे उघडी पानं, दुसरीकडे मिटलेली, मधे शिवण बसेना. तो दिवस वाया गेला म्हणून मी चिडले होते. खरं तर त्या दिवशी एक समज कायमची गेली. पानाचा पसारा म्हणजे झाडाच्या नावापुढे लिहून टाकायचा एक आकडा, असं मी धरून चालले होते. आता प्रत्येक मापाशेजारी आम्ही तारीख, वेळ, आभाळ कसं होतं आणि शेवटचं पाणी कधी मिळालं, हे लिहितो. पाकचिकना त्यानंतर मी प्रत्येक नव्या झाडाबद्दल आधी विचारत असे.

या आकड्यांवर इथे इमारती उभ्या राहतात, हे मला सिंगापूरचं सगळ्यात वेगळं वाटतं. २००३ साली ओंग बून ले या वास्तुतज्ज्ञांनी पर्णक्षेत्राचा निर्देशांक उचलून इमारतींना लावला. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट पान त्यावर आहे, ते मोजा. २००९ मध्ये त्यासाठी झाडांच्या आकड्यांची मार्गदर्शिका निघाली. गवताला २, दाट पर्णसंभाराच्या झाडाला ४, असे ठोकळ आकडे. तांजोंग पागारमधलं ओएशिया हॉटेल, २०१६ चं, तांबड्या जाळीवर वेल चढवलेलं, त्याची हिरवाई भूखंडाच्या अकराशे टक्क्यांहून जास्त आहे. त्या जाळीखाली मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पानमळाच आठवला. पण ठोकळ आकड्याबद्दल माझं मत कडक आहे. कागदावर दाट म्हणून नोंदलेलं झाड प्रत्यक्षात सावलीत, खुंटलेल्या मातीत विरळ उभं असतं. लावताना दिलेला आकडा पाच वर्षांनी कोणी तपासत नसेल तर तो आकडा नव्हे, तो भरवसा आहे. न तोडता मोजायची सोय आता आहे. ती वापरली पाहिजे.

शेतांचं मात्र मनाला लागलं. सिंगापूर नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून आणतं, शेतीला जमीन एक टक्का. २०३० पर्यंत पोषणाच्या गरजेचा तीस टक्के भाग इथेच पिकवायचा, असं २०१९ मध्ये जाहीर झालं तेव्हा आमच्याकडे कामाचा पूर आला. लिम चू कांगच्या बसमधून मी इतक्यांदा गेले की चालक हात करायचे. मग वीज महागली, करोनानं गणितं बिघडवली, एकेक शेत बंद पडलं, आणि २०२५ मध्ये ते ध्येयही बदललं. एका बंद होणाऱ्या शेतात शेवटच्या दिवशी आमचे कॅमेरे सोडवायला गेले होते. रिकाम्या कप्प्यांत आमची पत्र्याची पानं तशीच उभी होती. ती गोळा करताना तिथला तरुण शेतकरी म्हणाला, ‘तुमच्यामुळे मोजलेली भाजीसुद्धा विकता आली.’ पूर्वी मोजणीची भाजी फेकावी लागे. एवढी एक गोष्ट तरी झाली होती.

सुट्टीत गावी येते तेव्हा वेगळीच बाजू दिसते. सिंगापुरात पान म्हणजे माल, जेवढं जास्त तेवढं चांगलं. आपल्याकडे पान म्हणजे पाण्याचा खर्चही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटनं उभारलेल्या लीझीस्कॅनमध्ये रोपांवरून लेझर स्कॅनर फिरतात आणि खाली कुंड्यांचं वजन होत असतं. किती पान आणि किती पाणी उडालं, दोन्ही एकदम. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेतही रोपांच्या प्रतिमांवर असंच काम चालतं. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी पावसानं मुरवलेल्या ओलीवर पिकते. तिनं सुरुवातीलाच मोठा पसारा मांडला तर दाणा भरायच्या वेळी जमीन कोरडी. तिथे थोडं कमी पान हा शहाणपणा ठरतो, आणि तो ओळखायला त्याच एका रोपाला पेरणीपासून कणसापर्यंत जिवंत ठेवून मोजावं लागतं.

आप्पा एकदाच सिंगापूरला आले. बोटॅनिक गार्डनमध्ये त्यांना रबराचं झाड दाखवलं. १८७७ साली क्यूहून इथे बावीस रोपं आली. १८८८ पासून बागेचा कारभार पाहणाऱ्या हेन्री रिडलीनं चीक काढायची अशी रीत बसवली की साल तिरकी, पातळ तासायची आणि आतल्या जिवंत थराला धक्का लावायचा नाही. त्याआधी कुऱ्हाडीचे घाव घालत, झाड मरे. आप्पा चिरांवरून बोट फिरवत म्हणाले, ‘ह्याला नख ठावं हुतं.’

दुसऱ्या दिवशी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. पडद्यावर बायामचं ठिपक्यांचं रोप फिरवून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘अगं, फुडलं दिसतंय त्ये मोजलंस. माग्लं पान?’ जगभरचे शास्त्रज्ञ ज्यावर अडलेत ते त्यांनी दोन मिनिटांत विचारलं. पानाआड पान लपतं. कॅमेरे वाढवा, खालूनही बघा, तरी दाट रोपाच्या पोटातलं काही दिसत नाहीच. त्याचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज आहे असं लिहितो, असं मी सांगितलं. ‘मी तर हात घालतो,’ आप्पा म्हणाले. त्यानंतर आमच्या प्रत्येक तक्त्यात एक रकाना वाढला, न दिसलेल्या भागाचा.

गेल्या वर्षी मी त्यांना फोनवर म्हटलं, आपल्या एका वेलाचे फोटो पाठवा, सगळीकडून, हळूहळू फिरत. ऐंशी फोटो आले. उन्हं कलती होती, वारा नव्हता, त्यांनी वेळ बरोबर साधली होती. प्रत्येक फोटोत वेलाशेजारी शेवरीला सुतळीनं बांधलेलं त्यांचं लोखंडी नख दिसत होतं. मी मापासाठी काही ठेवा असं सांगायलाच विसरले होते. रात्री वेल पडद्यावर उभा राहिला. समोरची पानं स्वच्छ, शिरांसकट, आणि शेवरीच्या आडोशाला एक काळी पोकळी. फोटोंखाली संदेश होता: ‘नख साडेतीन सेंटिमीटर. सुताराच्या पट्टीनं मोजलंय. माग्ली अकरा पानं तुला दिसणार न्हाईत. हात घालून मोजली. त्यातली चार फापडा. लिवून ठेव.’